फाळक्यातला धान

माझ्या धाकट्या भावानं ती गाडी नागपूरच्या लिलावातून आणली तेव्हा तुमसरातला अर्धा बाजार ती बघायला लोटला होता. परदेशी साहेबलोकांनी वापरून सोडलेली, जीपच्याच जातीची, पण लांबलचक आणि रुंद. पुढं बसून बटन दाबलं की मागची काच आपोआप खाली सरकायची आणि मागच्या फाळक्याच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या दाराच्या, पोटात जायची. काच पुरती उतरल्याशिवाय फाळका उघडायचाच नाही, अशी तिची कळ होती. भाऊ धानाचा व्यापारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिवसातून दहादा काच खालीवर करून दाखवायचा. मी म्हणायची, "अरे, काच ओढणारी मोटार आहे ते, पाळलेला पोपट नाही. तिलेही थकवा येते."

मोटारींबद्दल मी उगाच बोलत नव्हते. जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे आतली करपलेली तार काढून नवी गुंडाळायचं, आमचं दुकान होतं. दुकानाची पाटी नवऱ्याच्या नावाची, पण तार गुंडाळणारा हात माझा. अर्ध्या तालुक्यातल्या विहिरींवरचे पंप माझ्या हाताखालून गेलेत, हे मी आजही तोंड वर करून सांगते.

गाडी आल्यावर दोन वर्षांनी भावाला मूल झालं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर! मुलगी. भावजय बाळंतपणाला माहेरी, भंडाऱ्यापुढच्या शहापूरला होती आणि बारसं तिथंच ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटीच. मी आनंदानं वेडी व्हायची तेवढी बाकी होते. आणि बारशाच्या आठ दिवस आधी मोरीत पाय घसरून पडले. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. पाय सरळसोट, वाकायचं नाव नाही.

त्यातच भावजयीच्या आईचे शब्द माझ्या कानावर आले. "पाय मोडला ते बरंच झालं. जिची कूसच उजवली नाही, तिच्या तोंडून पहिल्या लेकराचं नाव कायले?" मला मूल नव्हतं, पुढंही झालं नाही. लोकांचं बोलणं अंगवळणी पडलं होतं, पण हे लागलं. फार लागलं. मी नवऱ्याला म्हटलं, "फरफटत जाईन, पण जाईन."

फरफटायची गरज नव्हती. भावाच्या गाडीची मागची जागा बाजेएवढी होती. गादी टाकायची, फाळक्यातून मला आडवी आत सरकवायची, झालं. बारशाच्या दिवशी सकाळीच भाऊ गाडी घेऊन आमच्या दारात आला, ऐटीत बटन दाबलं, आणि काच जागची हलली नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. ठोसा मारला. हात जोडले. काच ढिम्म.

बाजूच्या दारानं मला आत घालून पाहिलं. माझा पाय दारातच आडवा झाला आणि मी अशी किंचाळले की शेजारची कुत्री पळाली. शेवटी माझी बाज अंगणात, गाडीच्या मागे आणून ठेवली. भाऊ घामाघूम. घरातून मुसळ उचलून आणलं आणि म्हणाला, "ताई, काच फोडतो. गेली खड्ड्यात गाडी."

ज्या गाडीवर कुणाला हात ठेवू देत नव्हता, तिच्यावर हा माझ्यासाठी मुसळ उचलतो! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तोंडानं मी म्हटलं, "ठेव ते खाली, बावळटा. काच फोडून फाळक्याची कळ थोडीच उघडते? आधी सांग, बटन दाबल्यावर आतून काही आवाज येऊन राहिला का?"

नाही. काहीच नाही. फाळक्याला बाहेरून किल्लीचं एक भोक होतं, त्यातूनही काच चालायची. किल्ली फिरवली, तरी तेच. म्हणजे दोन्ही बटनं एकाच दिवशी मेली? असं होत नसतं. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," मी नवऱ्याला म्हटलं. "मधेच कुठंतरी करंट अडला. फ्यूज पाहा." फ्यूज धड होता. बॅटरीही धड, हॉर्न तर कान फाडत होता. मग नवरा दिवा आणि दोन तारा घेऊन मागं मागं तपासत आला. गाडीच्या अंगातून तार फाळक्यात शिरते, तिथल्या वाकणापर्यंत दिवा पेटला. त्याच्या पुढं अंधार. वरून रबर साबूत, आतलं तांबं मात्र उघडझाप करून करून तुटलेलं.

तार जोडली. बटन दाबलं. "घूंऽऽ" असा आवाज आला आणि बंद पडला.

"सोड! सोड बटन!" मी बाजेवरून ओरडले. "रडून राहिली ते! जळली तर संध्याकाळपर्यंत भरत बसावं लागंल मले!"

करंट पोचत होता, पण मोटार अडकली होती. आता फाळका आतून खोलल्याशिवाय गत नव्हती. नवऱ्याचं पोट तिथं मावणारं नव्हतं, म्हणून भाऊ पुढच्या बाजूनं आत शिरला, मागं रांगत गेला आणि फाळक्याच्या आतल्या पत्र्याचे स्क्रू काढू लागला. नवं धोतर, बारशाचा सदरा. पत्रा सुटला आणि भाऊ वाकून आत बघतच राहिला.

"काय झालं रे?"

"ताई..." आतून घुसमटलेला आवाज आला. "धान उगवला."

त्यानं मूठभर काढून काचेला लावून दाखवलं. तूस, चिखल आणि त्यातून वर आलेले पिवळेफटक, बोटभर लांब कोंब. उन्हाचं तोंड न पाहिलेली ती रोपं बघून नवरा मटकन ओट्यावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. भाऊ मात्र व्यापारीच! एक दाणा दातांखाली फोडून म्हणाला, "हा तं मागल्या सालचा बारीक धान होय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेतकरी धानाची वानगी घेऊन आला की हा मागची काच उतरवून फाळक्यावर कोपरं टेकवायचा. मूठभर धान तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या हातानं रगडायचा, फूं करून तूस उडवायचा, तांदूळ पाहायचा. ते तूस, ते निसटलेले दाणे, सगळं काचेच्या फटीतून खाली. दोन वर्षं! त्यानं पाणी निथळायची भोकं बुजली, पावसाचं पाणी आत साचलं, आणि आमच्या शेठजींनी काही खबर नसताना गाडीत धानाची बांधी, अख्खं शेतच, पिकवली.

"रोवणा कधी करतोस?" मी विचारलं. "रोपं लावायले बायका सांगू का?"

"ताई, चेष्टा नको. मोटारीचं बोल."

डावानं खरवडून खरवडून घमेलंभर चिखल निघाला. खराट्याच्या काडीनं भोकं मोकळी केली. मोटार सोडवून माझ्या हातात दिली. मी आधी तिचा वास घेतला. करपल्याचा वास नव्हता, म्हणजे तार जिवंत होती. खोलली तर करंट पोचवणारे आतले कार्बनचे ठोकळे गंजाच्या किटणानं जागच्या जागी अडकलेले. पॉलिश पेपरनं घासले, तांबं चकचकीत केलं, तेलाचे दोन थेंब सोडले. पाय मोडला होता, बोटं नव्हती मोडली. ती मोटार मांडीवर घेऊन बसले तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

परत बसवली. भावानं देवाचं नाव घेऊन बटन दाबलं. मोटार झकास फिरली आणि काच आणखी घट्ट वर जाऊन बसली.

"तारा उलट्या लावल्या!" मी कपाळावर हात मारला. नवऱ्यानं जीभ चावत तारा बदलल्या. आणि मग, काय सांगू, ती काच सर्रर्र करून खाली गेली. फाळका खाडकन उघडला. आम्ही तिघांनी अशी आरोळी ठोकली की गल्ली गोळा झाली.

काच परत वर घ्यायची नाही, अशी मी सक्त ताकीद दिली. तशीच उघडी ठेवून आम्ही निघालो. रस्त्याची सगळी धूळ मागून आत येत होती आणि मी गादीवर पडल्या पडल्या भंडारा ओलांडेपर्यंत गात होते. नवरा म्हणाला, "तोंड मीट, माती जाऊन राहिली." मी कशाला मिटते!

शहापूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भावजय मांडवात लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. सकाळपासून दोनदा चुलत आत्याला पुढं केलं होतं आणि दोन्ही वेळा भावजयीनं मूल सोडलं नव्हतं. "माह्या ताई येतील," एवढंच म्हणत होती.

मला आत नेणं कठीण होतं, म्हणून गाडी मांडवाला लावून फाळका उघडला. मी उठून बसले. केस, भुवया, तोंड, सगळं मातीनं लाल. भावजयीची आई तान्हीला घेऊन माझ्याकडं आली. ती माझ्यापुढं थांबली, मला न्याहाळलं. पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि माझं तोंड पुसलं. कपाळ नाही, डोळे नाहीत, आधी तोंड. मग पोर माझ्या मांडीवर ठेवली.

"सांग व माय तिच्या कानात," ती म्हणाली. "सकाळपासून बिननावाची आहे."

मी वाकले आणि सांगितलं. पाठीवर बायकांचे धपाटे धपाधप पडायला लागले, आणि त्यातला सगळ्यात जोराचा पोरीच्या त्याच आजीचा होता.