न आवडलेली मैफल

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर झालो, तो झरीच्या शाळेतल्या वाघमारे सरांमुळे. परवा परभणीत मैफलीच्या दाराशी कुणी मनगटाला अत्तर लावलं आणि शाळेत असताना सरांनी ऐकवलेली पहिली मैफल आठवली. तेव्हा गवई एकाच ओळीभोवती फिरत होते, सगळे ‘वाहवा’ म्हणत होते आणि मी कंटाळलो होतो.

परतीच्या एसटीत सरांनी विचारलं, “कसं वाटलं रं?”

सरांचा जीव त्या गाण्यात. खरं बोललो तर पुन्हा नेणार नाहीत, ही भीती. तरी म्हणालो, “न्हाई आवडलं, सर.”

“बरं झालं बोललास. आता का न्हाई, ते सांग.”

झरीपर्यंत मी कारणं शोधत राहिलो. माझं खरं शिक्षण तिथं सुरू झालं.

परवाची मैफल संपल्यावर सरांना पत्र टाकलं: “सर, शेवटपर्यंत ऐकलं. अजूनही आवडत नाही. का, ते समोर बसून सांगतो. रविवारी येतोय, चहा ठेवा.”