गुणाजी घाडींचा आंबट इलाज

काळाचौकीच्या नाक्यावरचा बातम्यांचा फळा म्हणजे गुणाजी घाडींची जहागीर. गिरणीतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी ते खडू घेऊन चाळीतून खाली उतरत. संयुक्त महाराष्ट्राची सभा कुठे, मोर्चा कधी, हे मोठमोठ्याने म्हणत लिहीत, खाली ठसठशीत सही ठोकत आणि चहाला वर जात. मंडळाचा सेक्रेटरी जगदीश न चुकता म्हणे, "वा गुणाजीमामा, अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे!"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तरी जहागीर सुटेना. आंबट फळांत व्हिटॅमिन सी असतं, ते डोळ्यांना चांगलं, असं त्यांनी एका भाषणात ऐकलं होतं. त्यातली फळं त्यांनी सोयिस्कर विसरली आणि आंबट तेवढं धरून ठेवलं. कोकणी घरात आंबटाला काय तोटा! सकाळी आमसुलाचं सार, दुपारी चिंचेचा कोळ. वर सगळ्या चाळीला उपदेश.

"अहो, एकदा डाक्टराक दाखवा मां," बायको लक्ष्मी विनवायची.

"डाक्टर डोळो कापतलो आणि पट्टी बांधून निजयतलो. मगे फळो कोण लिवतलो?"

शेवटी पोटानेच बंड पुकारलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पोट तपासता तपासता डोळे पाहिले आणि सगळी कहाणी ऐकली.

"डोळ्याला सी लागतं, खरं आहे. त्यासाठी आवळा खा, पेरू खा. चिंचेत ते नावालाच आणि वाळल्या आमसुलात काय उरतंय? पण पिकलेला मोतीबिंदू आवळ्यानेसुद्धा विरघळत नाही. ऑपरेशन करा."

"महाराष्ट्र झाल्यावर करू."

"मग झालेला महाराष्ट्र दिसायचा नाही."

हे मात्र मामांना झोंबलं. ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला आणि महाराष्ट्र झाला त्या सकाळी मामा पुन्हा फळ्यापुढे उभे राहिले. ओळी जरा वाकड्या आल्या. दोष अर्थातच नव्या चष्म्याचा! ते चहाला वर गेले आणि चहा घशाखाली ढकलून स्वतःचं अक्षर डोळे भरून बघायला परत आले.

फळ्यावर गोल, टपोरी, सरळ अक्षरं होती. खाली सही गुणाजी घाडींची. शेजारी ओलं फडकं घेऊन समोरच्या खोलीतली चंपा उभी.

"सवयीने झालं, मामा," ती ओशाळली. "तुमच्या ओळी एकावर एक चढायच्या. तुम्ही बोलायचात ते ऐकून मी रोज पुसून पुन्हा लिहायची."

एवढी वाहवा कुणाच्या अक्षराची चालली होती, ते मामांना आत्ता दिसलं. भोवती सगळी चाळ जमली होती. मामांनी स्वतःची सही सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि तिथे 'चंपा' असं लिहिलं. अक्षरं तिरपागडी, एक वर, एक खाली.

जगदीश मागून घाईघाईने आला आणि सवयीने म्हणाला, "वा मामा! अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे!"

मामांनी चष्मा सावरून त्याच्याकडे नीट पाहिलं. जगदीशने मान खाली घातली.