दोर ओढणाऱ्यांचा व्हिडिओ
आज पुण्यातल्या खोलीत लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकायला घेतली आणि ‘जागा अपुरी’ अशी पाटी आली, तशी देवबागच्या घराच्या पडवीतली एक दुपार आठवली. तेव्हाही असंच अडलं होतं. खाऱ्या वाऱ्याने चिकट झालेल्या कीबोर्डवर मी फायली उडवत होतो आणि बाबा शेजारी जाळं शिवत होते. सगळ्यात मोठी फाईल निघाली बाबांनीच काढलेल्या रापणीच्या व्हिडिओची; रापण म्हणजे समुद्रात सोडलेलं जाळं सगळ्यांनी मिळून दोरांनी किनाऱ्यावर ओढणं. ओढायला धावताना ते फोन तसाच चालू ठेवून होडीवर टाकून गेले होते, त्यामुळे तासभर नुसतं आभाळ आणि दोर ओढणाऱ्यांचा गलका. “ह्यात कायच दिसणा नाय, काढतंय,” मी म्हणालो. “वायच थांब,” म्हणत बाबांनी डोळे मिटले आणि एकेक आवाज ओळखत गेले: हा शेजारचा, हा गोव्याला गेलेला, हा वारलेला. “आणि मधीच ‘दमलंय’ म्हणान दोर सोडता, तो तू.” मी वरमलो. रापणीत दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. “दोराक ज्येनी हात लावल्यानी, तेचो वाटो बुडवूचो नसता रे,” ते म्हणाले, आणि मी माझे सिनेमे उडवले. आज तो व्हिडिओ लावून मीही डोळे मिटले. माझ्या ‘दमलंय’नंतर, गलक्यात आजवर निसटलेला, बाबांचा आवाज ऐकू आला: “सोड, तुझो मी ओढतंय.”