एक थेंबही देऊ नका

दारू सोडवण्याच्या कामात मी सरकारी समुपदेशक आहे. दर बुधवारी सेलूच्या दवाखान्यात माझं टेबल असतं. माझं तोंड तिखट, असं माझी आईच म्हणायची, आणि मला त्याचा अभिमान होता. रडत आलेल्या बायकांना मी दम देऊन उभं करायचे.

त्या बुधवारी रांग दाराबाहेर गेली होती. जवळच्या खेड्यातली एक आई एकटीच आली. तरणा मुलगा सकाळी डोळे उघडल्यापासून पितो, म्हणाली. "तुम्हीच लाडावून ठेवलाय," मी म्हटलं. "मन घट्ट करा. एक थेंबही देऊ नका." ती मान हलवून गेली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तिनं ऐकलं. इतकं माझं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. दोन दिवस ती उंबऱ्यात बसून राहिली, त्याला बाहेर पडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला झटके आले आणि दवाखान्यात आणता आणता तो रिक्षातच गेला. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू औषधाशिवाय एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं, हे मला शिकवलेलं होतं. मी ते दुसऱ्यांना शिकवलंही होतं. फक्त त्या दिवशी, सकाळी त्याचे हात थरथरतात का, एवढं विचारायचं राहिलं.

आमच्याकडे रुग्ण गेला की त्याच्या कागदावर रेघ मारतात. मागे राहिलेल्या आईचा कागद नसतोच. त्या बुधवारी आईनं मुलाच्या नावानं काढलेल्या कागदावर मी रेघ मारली, डबा उघडला आणि तसाच बंद केला. ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं तो मुलगा मला टेबलासमोरच्या खुर्चीत दिसायला लागला. कुणी त्या खुर्चीवर बसायला लागलं की माझ्या तोंडून "थांबा" निघायचं. मी घाबरले होते, सरळच सांगते.

दहाव्याला मी गेले. "जाऊ नका, मारतील," सोबतची नर्स म्हणाली होती. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुधना नदीच्या काठावर पिंड मांडला होता. "सुटलीस बाई," बायका त्या आईला म्हणत होत्या. दारूनं गेलेल्याच्या घरी अशीच समजूत काढतात, मग रडायचीही चोरी होते. ती रडत नव्हती. कावळे बाभळीवर बसून होते, एकही खाली उतरेना. "तुझ्या मायला आमी संबाळू," भावकीनं गेलेल्याला शब्द दिला. तरी नाही. शेवटी मुलाच्या मामानं पिशवीतून देशीची बाटली काढली. गेलेल्याच्या आवडीचं पिंडाशी ठेवायची रीतच आहे.

"हे ठिव. आता शिवतो का न्हाई बघ."

आईनं बाटली घेतली आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम, आता दिऊ का?"

तो टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. सगळा काठ माझ्याकडे बघत होता आणि जन्मभर चुरुचुरु चाललेल्या माझ्या जिभेवर एकच शब्द आला. "द्या," मी म्हणाले.

तिनं पिंडाशेजारी थोडी ओतली. कावळा आलाच नाही. दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं उठली.

मी तिच्याजवळ जाऊन खाली मातीत बसले. चूक कबूल करू नये, प्रकरण वाढतं, असं आमचे वरिष्ठ सांगतात. मी तिला सगळं सांगितलं. दारू एकदम तोडायला नको होती, आधी त्याला दवाखान्यात आणा म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. "चूक माझी आहे, मावशी. तुमची नाही."

तिनं हातातली बाटली खाली ठेवली.

"मंजी, मी न्हाई मारलं त्याला?"

"नाही."

तेव्हा ती रडली, दहा दिवसांत पहिल्यांदा. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "सकाळी हात लय थरथरायचे त्याचे. चहाची बशी मीच धरायचे तोंडाला." आवाजात राग अजिबात नव्हता. "तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की."