आईशी बोललेलं

वळणावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या ताई म्हणजे कमी बोलणारं माणूस, असं आता सगळे म्हणतात. पूर्वी तसं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसवता बसवता त्या त्याच्या घरची अर्धी हकीकत काढून घेत आणि उरलेली अर्धी तो आपणहून सांगे. दुकान मालकाचं, पण मालक दुसऱ्या दुकानात बसायचे. इथलं सगळं ताईंच्याच हाती होतं. दोन उभे आरसे, फ्रेमांचे खण, आतल्या अंधाऱ्या खोलीत अक्षरांचा तक्ता. हातात चष्मा घेतला की दांडी कुठे वाकलीय हे त्या न बघता बोटांनी सांगत, आणि तोंड मात्र सतत चालू.

हे बोलणं त्यांनी आईकडून घेतलं होतं. आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. रोज संध्याकाळी ताई घरी पोचल्या, हातपाय धुतले, की पहिलं काम फोन. घरातला जुना टेबलावरचा फोन, यजमानांच्या नावावरचा. पलीकडून आवाज यायचा, “कोण, चिमी का?” रोज तोच फोन, तीच वेळ, तरी रोज तोच प्रश्न. ताई पन्नाशीला आल्या होत्या, पण त्या एका तोंडी चिमीच राहिल्या. मग गुडघा, शेजारीण, धाकट्या बहिणीच्या घरची भांडणं, भाजी महाग झाली, दूधवाला लबाड झाला, असं काय काय. कधी ताईच रडगाणं गायच्या. यजमान बस चालवायचे, ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात बसून सगळ्यात लक्ष घालत होते. डबे उघडून बघत, झाकणं बदलून ठेवत. एकदा वैतागून ताई आईला म्हणाल्या होत्या, “माणूस सोन्यासारखा आहे ग, पण घरात असला की मला श्वास घेता येत नाही.” आई म्हणाली होती, “तुझे बाबा निवृत्त झाले तेव्हा मी उगाचच गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची. ओले नसले तरी.” दोघी हसल्या होत्या. आईला सांगितलेलं म्हणजे हवेत सोडलेलं. सांगून झालं की ताईंचं मन धुतल्या भांड्यासारखं व्हायचं आणि रात्रीची भाकरी-भाजी त्याच माणसाला त्या मायेने वाढायच्या.

वरच्या खोलीत एक बातमीदार भाडेकरू होता. हडकुळा, सदा घाईत. सरकारी कंत्राटांवर काहीबाही लिहायचा. त्याचा फोन बंद पडला होता त्या काळात तो चार-सहा वेळा खाली येऊन “काका, जरा एक फोन करू?” म्हणून गेला होता. यजमान म्हणायचे, “कर की. फोन काय झिजतो थोडाच!”

पुढे आईचं दुखणं वाढलं तशी ताईंनी तिला आपल्याच घरी आणलं. शेवटचे दिवस ती इथेच होती, आणि इथेच गेली. धाकटी बहीण उशाशी होती, यजमान पायाशी. कोणाला फोन करून कळवावं असं फारसं कोणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी साध्या कपड्यातला एक माणूस दुकानात आला आणि म्हणाला, “साहेबांनी बोलावलंय. दोघांनाही. घाबरण्यासारखं काही नाही.” हे शेवटचं वाक्य ऐकून जे घाबरत नाहीत असे लोक कुठे असतील तर असोत, ताई त्यातल्या नव्हत्या. फ्रेमा तशाच काउंटरवर टाकून, घरून यजमानांना घेऊन त्या निघाल्या.

ऑफिस स्वच्छ होतं. टेबलामागचे साहेब उठून उभे राहिले.

“या, या चिमीताई. बसा.”

ताईंना वाटलं, आपल्यामागून दुसरं कोणी आलंय. त्यांनी वळून पाहिलं. मागे फक्त दार होतं.

“आईंचा गुडघा काय म्हणतो?” साहेबांनी खुर्ची पुढे सरकवत विचारलं.

“आई गेली,” ताई म्हणाल्या.

“अरेरे! कधी?” साहेबांचा चेहरा खरोखर उतरला. समोरची फाइल त्यांनी थोडी चाळली. “हे आमच्याकडे आलं नाही.”

मग त्यांनी मुद्द्याचं काढलं. वरचा भाडेकरू कोणाला भेटतो, तुमच्या फोनवरून कोणाशी बोलायचा? यजमानांना तोवर सगळा उलगडा झाला होता. तोंडाला कुलूप लावणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, ते आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक असणार. आम्ही काय, आमचाच फोन, पण आम्ही एवढं लक्ष देऊन ऐकत नाही.”

साहेब मोकळेपणी हसले. “काका, तुम्ही दिवसा जरा बाहेर फिरत जा. तुम्ही घरात असलात की वहिनींना श्वास घेता येत नाही म्हणे!”

त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. लगेच त्यांनी शिपायाला चहा सांगितला. चहा आला, दोघांनी प्यायला. भाडेकरूबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, ते तसं सांगून झालं. जाताना साहेब दारापर्यंत आले.

घरी आल्यावर यजमानांनी चपला जागेवर ठेवल्या आणि विचारलं, “चहा टाकू का अजून?” ताईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून बाहेर पडले ते दिवे लागल्यावर परत आले. तिसऱ्या दिवशीही तेच. बस डेपोत जुन्या ड्रायव्हरांसाठी एक बाकडं होतं, तिथे ते बसून राहायचे. रुसवा नव्हता. घरात असले की गोड बोलायचे, फक्त पाहुण्यासारखे बोलायचे. डबे उघडणं बंद झालं. ताईंना वाटायचं, उघडा हो, सगळे डबे उघडा, झाकणं फेकून द्या.

दात काढताना सुई टोचतात, मग गाल आपला असून आपला राहत नाही, बोट लावावं तर दुसऱ्याच कोणाचा गाल वाटतो. ताईंचं सगळंच तसं झालं होतं. राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. आईसाठी जे रडू अधूनमधून यायचं तेही आटलं. दुकानात त्या “बघा”, “वाचा”, “टोचतंय का” एवढंच बोलायला लागल्या. धाकटीचा फोन आला की “बरी आहे”, “हो”, “नाही”, “ठेवते”. धाकटी एकदा चिडून म्हणाली, “आई गेली तशी तू पण गेलीस का ग?” त्यावर काय बोलायचं हे ताईंच्या मनात आलं होतं. मग वाटलं, हेही कोणीतरी ऐकणार. त्यांनी फोन ठेवला.

बातमीदार एके दिवशी खाली आला तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला. “काकू, हे माझ्यामुळे झालं.” त्याच्याबरोबर एक वकीलबाई होत्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी सांगितलं की असे चोरून फोन ऐकले गेलेले बरेच लोक आहेत. कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी नुसता शेजारी. कोणाचाही फोन ऐकायचा तर आधी न्यायाधीशाची परवानगी हवी, असा कायदा आहे. इथे परवानगी कोणी मागितलीच नाही. भाडेकरूने खोली सोडली असती तरी तुमच्या फोनचा कान कोणी काढून घेतला नसता, कारण काढा असं सांगायचं कोणी हे कोणालाच माहीत नव्हतं.

“येता का आमच्या बाजूने?” वकीलबाईंनी विचारलं.

ताई म्हणाल्या, “येते.” हो म्हणायला ताकद लागते असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांना काहीच लागलं नाही.

कोर्टात सरकारी वकिलाने त्यांना सरळ विचारलं, “तुम्हाला अटक झाली नाही, कोणी हात लावला नाही, नोकरी शाबूत आहे. मग तुमचं नुकसान काय झालं?”

न्यायाधीशांनी ताईंना पाणी द्यायला सांगितलं. पाणी न पिता त्या म्हणाल्या, “मला आईची आठवण आली की हल्ली ते साहेबही आठवतात.”

निकाल बाजूने लागला. परवानगीशिवाय ऐकलं हे बेकायदा, जे जे ध्वनिमुद्रण आहे ते सगळं पुसून टाका, असा हुकूम झाला. बातमीदाराने पेढे वाटावेत तसे सगळ्यांचे हात हातात घेऊन हलवले. वकीलबाई मात्र ताईंना बाजूला घेऊन हळू बोलल्या. “पुसण्याआधी एकदा ऐकायची मुभा मिळवलीय मी. प्रत द्यायला ते तयार नाहीत, फार ताणलं पण नाही म्हणजे नाही. तिथेच, त्यांच्या ऑफिसात. तुमच्याकडे आईंचा आवाज आहे का कुठे?”

नव्हता. फोटो होते, पण आई फोटोत तोंड घट्ट मिटून बसायची. तिला वाटायचं, फोटो बोलताना काढला तर बिघडतो.

त्या खोलीत एक यंत्र होतं, दोन खुर्च्या आणि कानावर लावायची दोन साधनं. एक ताईंसाठी, एक तिथल्या माणसासाठी. नियमच तसा होता. तो मध्यम वयाचा, स्वेटर घातलेला साधा माणूस होता. चष्मा नाकावरून घसरत होता आणि तो दर वेळी एका बोटाने वर ढकलत होता.

“कुठला लावू?” त्याने विचारलं. मग जरा संकोचून म्हणाला, “कवळीचा लावू का? छान आहे तो.”

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या.

“मीच असायचो ना संध्याकाळी,” तो म्हणाला. “आजी फार मजेशीर बोलायच्या. शेवटी शेवटी तुम्हा दोघींचे फोन होईनासे झाले तेव्हा चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. विचारणार तरी कोणाला?”

त्याने लावला. आधी खरखर झाली, मग अगदी कानात, जवळून आवाज आला, “कोण, चिमी का?”

ताईंनी टेबलाची कड धरली. आई सांगत होती. नवी कवळी आणलीय, शेजारीण बघायला आली होती. “ती म्हणाली, आजी, कवळी अगदी छान बसलीय हो. मी म्हटलं, बसलीय खरी…”

ताईंचं लक्ष समोर गेलं. तो माणूस आधीच हसत होता. पुढचं वाक्य अजून आलं नव्हतं.

“…पण पाहुण्यासारखी बसलीय, उठायचं नावच घेत नाही!” आई म्हणाली आणि मागोमाग ताईंचं स्वतःचं हसू ऐकू आलं, मोठं, मोकळं, पूर्वीचं.

त्यांनी कानावरचं काढून टेबलावर ठेवलं.

“अजून आहे पुढे,” तो म्हणाला. “बराच वेळ बोललात तुम्ही त्या दिवशी.”

“राहू दे. पुसा.”

“दुसरा कुठला…”

“पुसा.”

त्याने कळा दाबल्या. पडद्यावर एक पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. आवाज नाही, काही नाही. “झालं,” तो म्हणाला. ताईंना वाटलं होतं, या क्षणी तरी आत काहीतरी तुटेल. थोडं थांबून बघितलं. नाही. उठताना सवयीने त्या म्हणाल्या, “दांड्या सैल झाल्यात तुमच्या. कुठल्याही दुकानात घट्ट करून देतील.” आपल्या दुकानाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. त्याला ते ठाऊक असणारच होतं.

खाली फुटपाथवर यजमान उभे होते. येतो म्हणाले नव्हते. दोघं चालायला लागले. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. कदाचित म्हणूनच ताईंना बोलता आलं.

“ते मी म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “श्वासाचं. त्या दिवशी खरं होतं. त्या दिवसापुरतं.”

“मला कळलं नाही असं वाटलं का तुला?” यजमान म्हणाले. “गाडीच्या केबिनमध्ये बसून मी तुझ्याबद्दल काय काय बोललोय! नशीब, ते कोणी लिहून ठेवलं नाही.”

दोन पावलं गेल्यावर तेच म्हणाले, “ठेवलं नाही हे तरी कशावरून?”

विनोद चांगला होता. दोघांनाही ते कळलं. कोणी हसलं नाही, पण यजमानांनी सिग्नलपाशी त्यांचा दंड धरला आणि रस्ता ओलांडून झाल्यावरही सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून डेपोतलं बाकडं अर्धाच दिवस, दुपारनंतर घर, असं ठरवल्याशिवायच ठरलं.

वर्ष सरायच्या आत सरकारने नवा कायदा केला. आता न्यायाधीशाची परवानगी लागत नाही, खात्यातल्याच वरच्या साहेबाची सही पुरते. वकीलबाई दुकानात आल्या त्या या कायद्याविरुद्ध पुन्हा कोर्टात जायचा अर्ज घेऊन. बातमीदार आता दुसऱ्या शहरात होता, त्याची सही आधीच झाली होती.

“या वेळी अवघड आहे,” त्या म्हणाल्या. “आधी त्यांनी कायदा मोडला होता. आता त्यांनी कायदाच वाकवून घेतलाय. हरूही कदाचित.”

ताईंनी अर्ज सबंध वाचला, डोळ्यांजवळ धरून, सावकाश. सही केली. मग दुकानाच्या फोनवरून धाकटीचा नंबर फिरवला. वकीलबाई समोर असतानाच म्हणाल्या, “मी बोलतेय. हो, बरी आहे. नाही, फोनवर नको. रविवारी येतो आम्ही दोघं, तेव्हा सगळं सांगते. जेवायला थांबू.” पलीकडून धाकटी बरंच काही बोलत राहिली. ताई ऐकत होत्या. अधूनमधून “हं” म्हणत होत्या.