रशीदाची वेल आणि दमचं पाणी

आर्णीत कुणाची मोटारसायकल रुसली की लोक मोहिउद्दीन मिस्त्रीचं नाव घेत. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा हा माणूस घरात मात्र कवडीच्या कामाचा नाही, असं त्याची बायको रशीदा अख्ख्या मोहल्ल्याला हसत सांगायची. घर तीच बघायची, आणि घरात तिची लाडकी होती मनीप्लांटची वेल. रंगाच्या जुन्या डब्यात लावलेली ही वेल खिडकीतून निघून, खिळ्याखिळ्याला सुतळीने बांधून घेत, थेट पलंगावरच्या भिंतीपर्यंत पोचली होती. आल्या पाहुण्याला चहाआधी वेल दाखवायची, हा बाईंचा शिरस्ता.

उन्हाळ्याच्या तोंडाला रशीदाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, आता वाट बघा. वाट बघण्याचं काम मिस्त्रीला जन्मात जमलं नव्हतं. रशीदा पडल्या पडल्या दिवसभर वेलीकडे बघत राहायची, म्हणून त्याने मनाशी ठरवलं, ही वेल हिरवीगार ठेवायची. बाकी काही आपल्या हातात नाही, एवढं तरी आहे.

मग घरात पाणी येऊ लागलं. आजाऱ्याला भेटायला येणारा रिकाम्या हाती कसा येईल? कुणी दिग्रसहून, कुणी पुसदहून, एक मामी तर फुलसावंगीहून एसटीने, दुआ पढून फुंकलेलं पाणी बाटलीत घेऊन आल्या. दमचं पाणी. रशीदाच्या तोंडात ते चमच्याने घालायचं. त्यातलंही अर्धं गालावरून ओघळायचं. उरलेलं कुठे ओतणार? दमचं पाणी मोरीत जाऊ देत नाहीत, पायाखाली येऊ देत नाहीत. झाडाच्या मुळाशी घालतात. आणि मिस्त्रीच्या दारात सिमेंटचा रस्ता, अंगणात फरशी. झाड म्हणून घरात काय ती वेल.

"डब्याखालून पानी येऊन राह्यलं, अब्बा," सून आरिफा एक दिवस म्हणाली. "सगळ्यायचे पाय पडतात त्याच्यावर."

मिस्त्री चरकला. दुकानात पेट्रोलच्या टाकीची गळती बंद करायचा मसाला असतो, तो आणून त्याने डब्याच्या बुडाची भोकं बुजवली. जन्मभर गळत्याच बंद केल्या होत्या. काम असं पक्कं झालं की थेंब बाहेर येईना. त्या दिवशी त्याला फार बरं वाटलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याला तसं बरं वाटलं नाही.

पानं पिवळी पडायला लागली. बाहेर ऊन रणरणत होतं; मिस्त्रीला वाटलं, वेलीला तहान लागली. तो आणखी ओतू लागला. तेव्हाच रशीदाने पहिल्यांदा डावा हात उचलला. पंजा आडवा धरून ती तो हळूहळू हलवत होती, डब्याकडे बघत, मग त्याच्याकडे बघत.

"वेलीले पानी पाह्यजे म्हन्ते तुही सासू," तो आरिफाला हरखून म्हणाला, आणि त्याने सबंध ग्लास डब्यात रिकामा केला. रशीदाने डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी वाहिलं. आलेल्या बाया म्हणाल्या, किती जीव आहे हिचा वेलीत. मग हे रोजचंच झालं. ती हात हलवायची, तो ओतायचा.

शेजारची नलूबाई भेटायला आली ती दारातच थबकली. "मोहिउद्दीनभाऊ, वास कायचा येऊन राह्यला?"

आरिफाचा चेहरा उतरला. चादर तिने सकाळीच बदलली होती. पण वास पलंगाचा नव्हता. मिस्त्री डब्याजवळ गेला, वेल धरून जरा ओढली, तर ती आपसूक हातात आली. मुळं काळी, लिबलिबीत. डब्यात चिखल आणि वर तरंगणारं पाणी. भिंतीवरचे शेंडेसुद्धा मऊ पडले होते.

त्याने वळून पाहिलं. रशीदाचा हात पुन्हा हलत होता. पंजा आडवा, डावीकडून उजवीकडे. आणि आत्ता कुठे त्याला ओळख पटली. दस्तरख्वानावर तिच्या ताटात तो आणखी सालन वाढायला जायचा तेव्हा ती हाच हात ताटावर धरायची. बस. लग्नापासून पाहिलेला हात. इंजिनाचं दुखणं कानाने ओळखणाऱ्या मिस्त्रीला तो इतके दिवस कळला नव्हता. तो तिथेच, चिखलाच्या हातांनी, पलंगाच्या पायाशी बसला आणि रडला.

संध्याकाळी आणखी कुणीतरी बाटली घेऊन आलं. ते गेल्यावर आरिफाने चमचा भरून सासऱ्याच्या हातात दिला. चमचा ओठांजवळ गेला तसा रशीदाचा हात उठला. पंजा आडवा.

"पानी मांगतात का अम्मी?" आरिफाने विचारलं.

"मले नाही समजत, बेटा," मिस्त्री म्हणाला.

त्याला समजलं होतं. रशीदा त्याच्याकडे बघत होती. भरलेला चमचा ओठांशी न्यावा की मागे घ्यावा, हे त्याला ठरवता येईना. आणि मागे घेतला, तर ते पाणी ओतायला आता घरात वेलही नव्हती.