कुजबुजवहिनी

आमच्या कुजबुजवहिनींचा आवाज इतका मोठा, की त्यांनी गॅलरीतून दूधवाल्याला हाक मारली तर मागच्या बिल्डिंगमधल्या बायकाही पातेली घेऊन खाली यायच्या. मग हे नाव कसं पडलं? सांगते. गुरुवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे खेळायला बसायचो आणि त्या मध्येच उठून आमच्या कानात काहीतरी सांगायच्या. कुणा शेजारणीने ते खिडकीतून पाहिलं. झालं! आत चहाड्या चालतात, अशी कॉलनीची खात्री पटली.

चहाड्या कसल्या, खेळ होता तो. वहिनींचा भाऊ बोटीवर नोकरीला. ऐंशीनंतर केव्हातरी त्याने परदेशातून एक खोका आणला. त्यात कितीतरी बाजूंचे विचित्र फासे आणि इंग्रजी नियमांचं जाडजूड पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. वहिनींनी डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचून काढलं. मूलबाळ नाही, नवरा प्लँटमध्ये, दुपार मोठी. दुसरं करणार काय!

गोष्ट वहिनी सांगायच्या, खेळणाऱ्या आम्ही दोघीच. एक मी, लग्न होऊन साताऱ्याकडून बोईसरला आलेली. ह्यांच्याही प्लँटमध्ये पाळ्या, शेजारी हिंदी बोलणारे, आणि मला हिंदीत भाजीसुद्धा मागता येत नव्हती. दिवस दिवस तोंड उघडायचं कारण पडायचं नाही. दुसरी हिराबाई, किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून मासळी आणणारी. टोपली रिकामी झाली की ऊन उतरेपर्यंत ती वहिनींकडे टेकायची.

वहिनींनी तिला विचारलं, "हिराबाई, तुम्ही होडीवाली होणार ना?"

"येडी हाय का मी? होडी घरी हायच. मी राणी."

म्हणून होडीवाली व्हायचं माझ्या नशिबी आलं. मी, जिने समुद्र लग्नाआधी कॅलेंडरवर पाहिलेला!

पुस्तकात असं होतं, की एखादी गोष्ट आपल्या माणसाला माहीत आहे का, हे फासा टाकून ठरवायचं. पहिल्याच खेळात माझा फासा वाईट पडला. वहिनी म्हणाल्या, "तुझ्या होडीवालीला भरती-ओहोटी कळत नाही."

हिराबाई हसून हसून आडवी. "असली कसली गं होडीवाली, बाय? बापानं काय माळ्यावर वाढवली हिला?"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं. "बरोबर बोलतायत त्या. वल्हं हातातून निसटेल, ते फाशावर. वारा फिरेल, ते फाशावर. पण जिथे जन्म काढला तिथलं माहीत असणं फाशावर नाही. ते असतंच. फक्त विचारायचं."

तेव्हापासून तोच नियम. मी विचारायचं, "माझ्या बाईला माहीत आहे का?" आणि वहिनी माझ्या डाव्या कानाशी वाकून सांगायच्या. बडीशेपेचा वास यायचा. कानात सांगायचं, कारण ते ज्ञान माझं. दुसरीला सांगायचं की पोटात ठेवायचं, ते मी ठरवणार. मात्र विचारलं नाही तर वहिनी एक अक्षर बोलत नसत. शेंगा सोलत बसत.

खरे हाल हिराबाईचे. एकदा मी न विचारता राणीला घेऊन ओहोटीत होडी काढली. ती तोंडात पदर कोंबून तळमळत होती.

"राणीला माहीत नाही हं, हिराबाई," वहिनींनी दटावलं.

"राणीला नाय, पण हिरीला हाय ना! ही मला चिखलात घालते!"

मी घरी निघाले तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "तू विचारत का नाहीस गं? इथेही विचारत नाहीस, बाहेरही नाही." त्या आठवड्यात मी खालच्या बाईला मोडक्या हिंदीत विचारलं, पाणी किती वाजता येतं. तिने मला आत बोलावून चहा दिला.

मग एका पावसाळ्यानंतर वहिनींच्या दाराशी लाकडी खोके दिसू लागले. त्या काही बोलेनात. कॉलनीत कुणी काही, कुणी काही बोलायचं. तोंडावर कसं विचारणार? त्या गेल्या तर माझे गुरुवार जाणार.

त्या गुरुवारी राणी आणि होडीवाली खाडीकाठच्या एका म्हातारीकडे पोचल्या. म्हातारीच्या वतीने वहिनीच बोलायच्या. मी धीर केला.

"वहिनी, माझ्या बाईला माहीत आहे का, ही म्हातारी घर का आवरतेय?"

शेंगा सोलणारे हात थांबले. त्यांनी फाशांकडे पाहिलं. उचलला मात्र एकही नाही. मग उठून माझ्या कानाशी वाकल्या. "माहीत आहे. नवऱ्याची बदली झालीय, लांब. म्हातारीला जायचं नाहीय."

"काय सांगितलं, बाय?" हिराबाईने विचारलं.

सांगायचं की ठेवायचं, मी ठरवणार होते. "ओहोटी लागलीय," मी म्हटलं.

हिराबाईने एकदा दाराकडच्या खोक्यांकडे पाहिलं. "मंग घाई नको," ती म्हणाली, "बसू आमी इथंच." ऊन उतरलं तरी ती टोपली उचलेना. आम्ही तिघी दिवा न लावता बसून राहिलो. त्या दिवशी खेळ पुढे गेलाच नाही.

वहिनी गेल्या. फासे बरोबर नेले, ते बरंच झालं; विचारायला ते लागत नाहीत. हिराबाईची टोपली पुढे सुनेने घेतली. आता आमचे हेही नाहीत, मुलगा लांब. बँकेत, दवाखान्यात मी कुणालाही खुशाल विचारते, लोक हसतात. पण दुपारी घरात एकटी असले आणि काही सुचेनासं झालं, की मी हळूच म्हणते, "माझ्या बाईला माहीत आहे का?" आणि डावा कान जरा पुढे करते.